हिरवं पडलेलं फोलिन

१

बाटली पिवळी असायला हवी होती आणि ती हिरवी होती.

एवढंच झालं होतं. कुणी मेलं नव्हतं, कुठली तिजोरी फुटली नव्हती. तरीही त्या लांबट खोलीत फ्रिजभोवती जमलेली माणसं अशी उभी होती, की मला वाटलं आपण चुकून कुणाच्या तरी घरच्या दुःखात शिरलोय. संचालक साहेबांनी बाटली काचेच्या खिडकीसमोर धरली होती. तपकिरी काचेतूनसुद्धा आतला हिरवा रंग लपत नव्हता.

"बाई, तुम्हीच बघा आता," ते म्हणाले. "आज सकाळीच चाचणी, आणि आज सकाळीच हे."

मी निवृत्त बाई आहे. सगळं आयुष्य प्रयोगशाळेत घालवलेल्या बाईला लोक दोनच कामांसाठी आठवतात, फीत कापायला आणि भांडणं निस्तरायला. फीत कापायचं बोलावणं मला अजून आलेलं नाही.

भांडण असं होतं. द्राक्षाचा रस काढला की सालींचा आणि बियांचा चोथा उरतो. या संस्थेतल्या एका संशोधक मुलीने त्या चोथ्यातली फेनॉल मोजली. फेनॉल म्हणजे ती तुरट द्रव्यं, ज्यांनी जीभ आवळते. ती मोजायला फोलिन नावाचं पिवळं द्रावण वापरतात. फेनॉल भेटलं की ते निळं होतं. फेनॉल जितकं जास्त, तितका निळा गडद, आणि यंत्र त्या गडदपणाचा आकडा देतं. माहीत असलेल्या मापांचा आलेख आधी काढून ठेवतात, आणि त्याच्याशी तो आकडा ताडून फेनॉल किती ते ठरतं. मुलीचा आकडा फार मोठा आला. इतका मोठा, की परिषदेत तिने तो वाचून दाखवल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "चोथा होता की शाई?" आणि सगळं सभागृह हसलं.

त्या हसण्यावर संचालकांनी समिती नेमली. मुलीने सगळ्यांसमोर, माझ्या देखरेखीखाली चाचणी पुन्हा करायची. आकडा आला तर ठीक. नाही आला तर खोटे आकडे दिले म्हणून तिची पदवी रद्द आणि संस्थेचा दरवाजा बंद.

आणि आता अख्ख्या संस्थेतलं एकमेव फोलिन हिरवं पडलं होतं. त्यात काहीतरी भलतं पडल्याशिवाय ते असं होत नाही, आणि एकदा झालं की कशाच्या कामाचं उरत नाही. नवी बाटली मागवायची तर महिना गेला.

"आता यात शोधायचं काय आहे?" संचालक आवाज न दाबता म्हणाले. "चाचणी कुणाला नको होती ते दिसतंच आहे."

सगळ्यांनी खोलीच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे स्टुलावर ती मुलगी बसली होती. तिला इथे सगळे छोटी म्हणतात. तिने मान वर केली नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही तेच वाटलं जे सगळ्यांना वाटत होतं.

२

"मला दुपारपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं. "आणि चहा."

संचालकांना ते आवडलं नाही, पण चहा आला.

खोलीची किल्ली चौघांकडे होती. छोटीकडे. तिच्या मार्गदर्शक सरांकडे. तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या लंबूकडे. हा मुलगा इतका उंच, की वरच्या कपाटातलं सगळं त्यालाच काढावं लागतं आणि त्याचा त्याला वैताग आहे. आणि ताईकडे. ताई म्हणजे समोरच्या प्रथिनांच्या विभागाची प्रमुख. संस्थेतल्या प्रत्येकाची ती ताई, आणि छोटीची तर सख्खी. वडील गेल्यावर धाकट्या बहिणीला तिने शिकवलं आणि बोटाला धरून इथे आणलं. छोटीला छोटी हे नावही ताईमुळेच पडलं.

आधी मी बाटली पाहिली. बूच उघडून नाकाजवळ नेलं तर त्या आंबट, धातूसारख्या वासात संत्र्याच्या गोळीचा वास मिसळलेला. तळाशी थोडा पांढरट गाळ, चुरा केलेल्या गोळीचा बसतो तसा.

"क जीवनसत्त्वाची गोळी," मी म्हटलं. "चघळायची."

लंबू शिंकला. बिचाऱ्याला सर्दी झाली होती आणि त्याच्या खिशातून त्याच गोळ्यांची पट्टी डोकावत होती. सगळ्यांचं लक्ष गेलं तसा तो गोरामोरा झाला.

"अहो, ताई देते सगळ्यांना! कुणी नुसतं खाकरलं तरी देते. छोटीच्या ॲप्रनमध्ये पण असेल बघा."

संचालकांनी खुंटीवरच्या ॲप्रनमध्ये हात घातलासुद्धा. पट्टी निघाली. त्यातल्या दोन गोळ्या काढलेल्या होत्या. त्यांनी ती मला अशी दाखवली, जणू खटला संपला.

"सरांच्या खिशात नसेल," लंबू नाक पुसत पुटपुटला. "त्यांना साखर आहे. ताई त्यांना रागावते, गोळी देत नाही."

माझी नजर वरच्या फळीवर होती. तिथे, फ्रिजपासून हातभर अंतरावर, शुद्ध क जीवनसत्त्वाची प्रयोगशाळेची बाटली होती. लेबल ठसठशीत, बुचावर धूळ. तिला कुणी हात लावला नव्हता.

फोलिन क जीवनसत्त्वाने मरतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही बाटलीही ठाऊक असणार. मग समोरचं चमचाभर चूर्ण सोडून खिशातली गोळी कोण टाकेल? जो ठरवून आलेला नाही तो. आला होता दुसऱ्याच कामाला, आणि इथे उभ्या उभ्या काहीतरी पाहून त्याचा हात खिशात गेला.

ते काय पाहिलं, हे मला शोधायचं होतं.

३

छोटीला मी तराजूच्या खोलीत नेलं. नाजूक तराजूंना वारा लागू नये म्हणून तिथे दार बंद ठेवतात आणि माणसंही हळू बोलतात. चौकशीला त्याहून चांगली जागा नाही.

"तू केलंस?"

"नाही." ती बोटाचं नख कुरतडायला लागली. "पण बाई, नाही केलं हे सांगायचीच लाज वाटते हो. परिषदेपासून असं झालंय, की खरं बोलतानासुद्धा मी खोटं बोलतेय असं मलाच वाटतं. कॅन्टीनमध्ये गेले की टेबलावरचं बोलणं थांबतं. ताईसोबत घरी जाताना मी दोन पावलं मागे चालते. तिला माझी लाज वाटू नये म्हणून."

"ती काय म्हणते?"

"काहीच नाही. मला खात्री आहे, तिचा माझ्यावर विश्वास आहे. तेवढाच एक आहे आता." ती नाक ओढून म्हणाली, "काल रात्री तिला जेवण गेलं नाही. माझ्यामुळेच."

मी विषय बदलला. रडणाऱ्या माणसाला त्याच्या कामाचं विचारावं, म्हणजे रडू थांबतं. "चाचणी कशी करतेस सांग."

तिचा आवाज लगेच सरळ झाला. "आधी चोथ्याचा अर्क. त्यात फोलिन. मग काही मिनिटं थांबायचं, आणि मग सोडा. धुण्याचाच सोडा, पण शुद्ध आणि चांगला कडक. सोडा पडला की निळं चढायला लागतं. क्रम बदलायचा नाही. सोडा आधी टाकला तर फोलिन त्यात पडल्या पडल्या मरायला लागतं, फेनॉल हाताशी लागायच्या आधीच. रंग फिका येतो."

"आणि बाटली शेवटची कधी पाहिलीस?"

"काल संध्याकाळी. पिवळीधमक होती. एकच बाटली ना, म्हणून मी लेबलवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवते. फोलिन कुठवर आहे त्याची. अर्काच्या बाटलीवर पण मारते."

मी उठले, तिला तिथेच बसवलं आणि फ्रिजकडे गेले. फोलिन रेघेच्या खाली होतं, चांगलं बोटभर. अर्काची बाटली पाहिली. अर्कही रेघेच्या खाली होता.

बाटली बिघडवायला आलेला माणूस आधी त्यातलं मोजून काढून घेत नाही. इथे काल छोटी गेल्यावर कुणीतरी तिचीच चाचणी, तिच्याच अर्कावर, चोरून करून पाहिली होती. तेव्हा फोलिन चांगलं होतं. गोळी त्यात नंतर पडली.

४

पुढची गोष्ट मी थोडी म्हातारपणाचं सोंग आणून केली. तेवढा एक फायदा या वयाचा आहे.

या संस्थेची एक जुनी शिस्त आहे. काम सुरू करण्याआधी लागणाऱ्या बाटल्या टेबलावर मांडायच्या, हातात घ्यायच्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे. पहिल्या दिवशी आलेल्याला हेच शिकवतात. मी तिघांना एकेकटं बोलावलं आणि प्रत्येकाला तेच सांगितलं, "अहो, माझे हात आता कापतात. फेनॉलच्या चाचणीची तेवढी मांडामांड करून द्याल का? बाटल्या रिकाम्या असल्या तरी चालतील."

लंबूने शिंकत शिंकत मांडल्या. अर्क, फोलिन, सोडा. वर मलाच विचारलं, "बाई, फोलिनच हवंय ना? मग पलीकडच्या महाविद्यालयात फोन का नाही करत? त्यांच्याकडे आहे. मागे मीच त्यांना थोडं दिलं होतं, आता ते देतील. माझेही नमुने फ्रिजमध्ये कुजतायत."

"हे सकाळी का नाही सुचलं?"

"सुचलं होतं. साहेब म्हणाले, तू मध्ये बोलू नकोस."

मी त्याला तिथल्या तिथे फोन करायला लावला. बाटली दुपारपर्यंत पोचवतो म्हणाले.

मग सर आले. त्यांनी अर्क, फोलिन, सोडा असं मांडलं खरं, पण पिपेटचा, म्हणजे द्रव ओढायच्या काचनळीचा, रबरी फुगा उलटा लावला आणि तो त्यांच्या हातातून निसटून टेबलाखाली गेला. तो शोधायला ते वाकले नाहीत. गेली कित्येक वर्षं त्यांनी फक्त सह्या केल्या आहेत हे त्या फुग्यालाही कळलं असावं.

"शोधनिबंधावर माझं नाव तिच्या नावाच्या खाली आहे, बाई," ते एकदम म्हणाले. "परिषदेत लोक हसले तेव्हा मी उठून उभं राहायला हवं होतं. मी चष्मा पुसत बसलो." एवढं बोलून ते निघून गेले.

शेवटी ताई आली. चापूनचोपून बांधलेले केस, स्वच्छ ॲप्रन, डोळ्यांखाली काळं. हाताला इतकी सवय, की माझ्याशी बोलताना तिने टेबलाकडे पाहिलंही नाही.

"बाई, पोरगी घाबरट आहे हो. लहानपणापासून. तिला जास्त ताणू नका. तिच्या हातून काही... म्हणजे घाबरून माणूस करतो काही. समितीने समजून घ्यावं एवढंच."

"म्हणजे तिने केलं असेल?"

"मी तसं नाही म्हटलं."

तेवढ्यात तिच्या बाटल्या मांडून झाल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला हे उत्तर नको होतं.

अर्क. सोडा. फोलिन.

५

महाविद्यालयातली बाटली आली. मी दार लावून घेतलं आणि छोटीच्या अर्काच्या दोन नळ्या भरल्या. एकीत आधी फोलिन आणि मग सोडा. दुसरीत आधी सोडा आणि मग फोलिन, आणि ती हलवायला मुद्दाम थोडा उशीर केला. रंग चढला तसं काय ते माझ्या लक्षात आलं. मग तराजूच्या खोलीतून छोटीला उठवून शेजारच्या खोलीत बसवलं आणि ताईला तराजूच्या खोलीत बोलावलं. नळ्यांचं स्टँड फडक्याखाली झाकून ठेवलं होतं.

"बसा," मी म्हटलं. "मी बोलते. चुकलं तर थांबवा."

ती बसली नाही.

"काल संध्याकाळी सगळे गेल्यावर कुणीतरी छोटीची चाचणी करून पाहिली. फोलिन आणि अर्क, दोन्ही रेघेखाली गेलेत. म्हणजे त्या माणसाला बाटली बिघडवायची नव्हती, खरं-खोटं बघायचं होतं. मग आकडा आला आणि त्यानंतर गोळी पडली. आता सांगा, कसला आकडा बघून माणूस असं करेल?"

ताईची नजर फडक्यावर गेली.

"मोठा आला असता तर छोटी खरी ठरत होती, आज सगळं सुरळीत झालं असतं. तो आकडा बघून बाटली मारेल तो तिचा वैरी. वैरी म्हणावं असा इथे फार तर शेजारच्या टेबलावरचा, तिच्या बरोबरीचा लंबू, पण बदली बाटली कुठे मिळेल हे त्यानेच आपणहून सांगितलं. आणि आकडा लहान आला असता तर वैऱ्याने बाटली जपून ठेवली असती, आज सगळ्यांसमोर तिची फजिती व्हावी म्हणून. लहान आकडा बघून बाटली मारणारा एकच. ज्याला वाटलं, पोरीने खरंच खोटं केलंय आणि उद्या ती उघडी पडणार. ज्याला तिला वाचवायचं होतं."

"सरांनाही..." ताई म्हणाली.

"सरांना फुगा लावता येत नाही. आणि गोळी त्यांना तुम्हीच देत नाही."

ती भिंतीला टेकली. मला वाटलं होतं ती कानावर हात ठेवेल, निदान रागावेल तरी. ती फक्त ॲप्रनच्या टोकाने हात पुसत राहिली, कोरडेच हात.

"मला बघायचं होतं," ती म्हणाली. "लोक काय काय बोलत होते बाई. कॅन्टीनमध्ये, जिन्यात. मी म्हटलं, एकदा स्वतः बघते, म्हणजे उद्या मान ताठ ठेवून उभी राहीन. आकडा आला निम्मा. निम्मासुद्धा नाही धड. मी तिथेच उभी होते, आणि मला वाटलं, केलं हिने. माझ्या पोरीने केलं. मग आईचा चेहरा आला डोळ्यांसमोर. हात खिशात गेला तो गोळीवरच पडला. चाचणीच झाली नाही तर निदान सिद्ध तरी होणार नाही, असं वाटलं."

"खापर तिच्यावरच फुटेल हे नाही वाटलं?"

"सकाळी कळलं. सगळे तिच्याकडे वळले तेव्हा." तिने डोळे मिटले. "मी पण वळले. सगळ्यांनी पाहिलं म्हणून मी पण पाहिलं तिच्याकडे."

बाहेर कुणाच्या तरी चपला वाजल्या आणि पुढे गेल्या.

"बाई, समितीला सांगा. मला काढून टाकूदे. पण तिने खोटे आकडे दिले हे तेवढं... ते नाही लिहिलं तर नाही चालणार का?"

अजूनही तिला तेच वाटत होतं. इतकं बोलूनही तिच्या मनात छोटी गुन्हेगारच होती. मी स्टँडवरचं फडकं काढलं.

६

दोन नळ्या शेजारी शेजारी होत्या. एक गडद निळी, पलीकडचं काही दिसू नये इतकी. दुसरी फिकी, धुवून धुवून विटलेल्या शर्टासारखी.

"दोन्हींत एकच अर्क आहे," मी म्हटलं. "छोटीचा. काल तुम्ही वापरलात तोच."

ताईने पाहिलं. आधी तिला कळलं नाही. चांगल्या जाणकार माणसाला आपली चूक कळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण तिथे शोधायचं त्याच्या मनातच येत नाही.

"तुमच्या विभागात हे फोलिन किती वर्षं वापरताय?"

"पहिल्यापासून. प्रथिनांच्या चाचणीला तेच..." ती थांबली. तिचा उजवा हात हवेत उचलला गेला आणि नसलेल्या बाटल्यांवरून सरकला, डावीकडून उजवीकडे. तिथे तो अडला.

"आमच्यात सोडा आधी," ती अगदी हळू म्हणाली. "फोलिन शेवटी."

"तुमच्या चाचणीला तेच बरोबर आहे. तुमचा सोडा पातळ असतो, आणि फोलिन पडताक्षणी तुम्ही नळी हलवता. इथला सोडा कडक. काल तुमचा एक डोळा दारावर असणार, नळ्या हलवायला उशीर झाला असणार. फोलिन जागीच मेलं. आणि आकडा तुम्ही भिंतीवरच्या छोटीच्या आलेखावर लावून पाहिला असणार. स्वतःचा आलेख काढला असता तर माहीत असलेली मापंही फिकी आली असती आणि चूक तिथेच पकडली गेली असती. वेळ नव्हता तुम्हाला. नव्या मुलांना तुम्ही याच गोष्टीवरून झाडता म्हणे."

मी हे जरा जास्तच कडक बोलले. बोलल्यावर जाणवलं, पण तोवर उशीर झाला होता. ताई आता बसली, स्टुलाच्या अगदी कडेवर.

"म्हणजे तिचा आकडा..."

"खरा आहे."

मला वाटलं तिला हायसं वाटेल. तिने पदर तोंडावर घेतला. पदराआडून शब्द आले.

"बाटली बिघडवली त्याची शिक्षा होईल ती होवो. पण मी हिला वाढवलं बाई. हिने शाळेत रबर चोरलं नाही कधी. आणि माझा तिच्यावरचा विश्वास एका नळीने उडाला. त्या माझ्याच चुकीच्या नळीने. हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

"तोंड तेच लागेल," मी म्हटलं. "दुसरं नाहीये."

दार उघडलं. छोटी तिथे उभी होती. तिला शेजारच्या खोलीत बसवून मी विसरूनच गेले होते आणि मधली भिंत पातळ पत्र्याची होती. तिचा चेहरा पाहून मला कळलं, की तिने सगळं ऐकलंय.

मला तिथे उभं राहणं नकोसं झालं, पण दारात तीच उभी होती.

"तू करून बघितलंस," छोटी म्हणाली. "गोळीचं जाऊदे. सगळे म्हणत होते तेव्हा मला वाटायचं, ताईला तर विचारायचीसुद्धा गरज नाही. आणि तू चोरून येऊन बघितलंस."

"हो," ताई म्हणाली.

"मला विचारलं असतंस तर?"

"विचारायची लाज वाटली ग."

छोटीने मान हलवली. कशाला हलवली ते तिचं तिलाच ठाऊक. मग ती वळून गेली.

७

समिती दुपारी जमली. संचालक, सर, मी, आणि भिंतीला लागून निम्मी संस्था. सगळ्यांना तमाशा बघायचा होता. मी संचालकांना आधीच सांगितलं होतं, की बाटली छोटीने बिघडवलेली नाही, कुणी बिघडवली ते मला माहीत आहे आणि ते मी चाचणी झाल्यावर सांगेन. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण सगळ्यांसमोर माझ्याशी वाद घालणं त्यांना परवडलं नसतं.

नवं फोलिन टेबलावर होतं, पिवळंजर्द. छोटी पुढे आली, ॲप्रनची बटणं लावली आणि म्हणाली, "चाचणी मी करणार नाही."

खोलीत कुजबुज उठली. संचालकांच्या ओठांवर हसू आलंच.

"मी केली तर उद्या कुणीतरी म्हणेल, हिने हातचलाखी केली," छोटी म्हणाली. "चाचणी ताई करेल. या संस्थेत तिच्या हाताबद्दल आजवर कुणी शंका घेतलेली नाही."

ताई दारापाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ही माफी होती की शिक्षा, मला तेव्हा कळलं नाही, आजही कळलेलं नाही. बहुतेक छोटीलाही माहीत नसावं.

ताई पुढे आली. बाटल्या मांडायला लागली. अर्क. मग हात सवयीने सोड्याच्या बाटलीवर गेला आणि तिथेच थांबला. ते बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. छोटीच्या आलं. ती बहिणीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लागेल इतकी. ताईने सोडा सोडला आणि फोलिन उचललं.

या वेळी तिने आलेखही स्वतःचा काढला. वेळ लागला. लोक पाय बदलत उभे राहिले, सरांनी एकदा चष्मा काढला आणि न पुसताच परत घातला. नळ्यांमध्ये निळं चढत गेलं, आधी आकाशासारखं आणि मग पार शाईसारखं. कुणीतरी मागून हलकेच म्हणालं, "अरे, हे तर..."

ताईने शेवटची नळी यंत्रात ठेवली. पडद्यावर आकडा उमटला. तिने तो कागदावर आलेखाला लावला, एकदा, मग पुन्हा एकदा. मग ती तशीच खाली बघत राहिली.

"आकडा?" संचालकांनी विचारलं.

ताईने कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"वाच ना ताई," छोटी म्हणाली. "मोठ्याने वाच."

ताईने मान वर केली. भिंतीपाशी उभ्या असलेल्या लोकांकडे तिने पाहिलं, जिन्यात बोलणाऱ्यांकडे, कॅन्टीनमध्ये गप्प होणाऱ्यांकडे, संचालकांकडे. आणि आकडा वाचला. परिषदेत छोटीने वाचला होता तोच, त्याहून केसभर जास्तच.

या वेळी कुणी हसलं नाही. ताईने कागद टेबलावर ठेवला आणि संचालकांकडे वळली.

"काल ती बाटली मी बिघडवली, साहेब," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, माझी बहीण खोटं बोलतेय."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. छोटी नळ्या गोळा करून मोरीवर धुवायला गेली. थोड्या वेळाने ताईही तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि छोटीने धुतलेली नळी पुसायला तिच्या हातात दिली.